मंद आचेवरचा सुगंध

प्रत्येक घराला स्वतःचा एक वास असतो. घरच्या माणसांना तो येत नाही, पाहुण्याला मात्र उंबऱ्यातच येतो. याचे कारण साधे आहे. एकच वास सतत नाकाशी असला की नाक त्याची दखल घेणे सोडून देते. त्यामुळे “आमच्या घराला कसलाच वास नाही” असे कुणी छातीठोकपणे सांगू लागले की मला हसू येते. फोडणीचा, ओल्या कपड्यांचा, गोधडीचा, पावसाळ्यात भिंतीला आलेल्या ओलीचा, असे सगळे मिळून घराचा वास होतो. तो राजवाड्यातही असतो आणि दोन खोल्यांच्या घरातही असतो.

आमच्या बारामती एमआयडीसीच्या बाजूला तर वासांना तोटा नाही. पियाजिओ, भारत फोर्ज यांसारखे मोठे कारखाने, त्यांच्या भोवतीची लहानमोठी वर्कशॉपे, दुधाचे प्रकल्प. माणूस पाळी संपवून घरी आला की तो कुठे कामाला आहे हे त्याच्या शर्टावरून कळते. मशीनवर असेल तर कुलंटचा आणि ऑइलचा वास, दुधाच्या प्लँटवर असेल तर आंबूस वास. दिवाळीनंतर माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरकडे गाळप सुरू झाले की रस्त्याने जाताना मळीचा गोडसर, थोडा जळका वास कपड्यांत मुरतो. रविवारी कुणी भिगवणच्या बाजारातून उजनीची चिलापी आणली तर ते साऱ्या ओळीला कळते. हे सगळे पोट भरण्याचे वास आहेत. त्यांची लाज वाटण्याचे कारण नाही.

पण आपल्या समाजाला वासावरून जोखण्याची रीत या देशात जुनी आहे. महाडला २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी आणि हजारो माणसांनी चवदार तळ्याचे पाणी घेतले, त्यानंतर ते तळे ‘शुद्ध’ करण्यासाठी दूध, दही, शेण आणि गोमूत्र यांच्या १०८ घागरी त्यात ओतल्या गेल्या. माणसाच्या ओंजळीने पाणी बाटते आणि शेणाने ते शुद्ध होते, असा हा हिशेब! त्याच वर्षी डिसेंबरात पुन्हा महाडला परिषद भरली तेव्हा बाबासाहेब स्त्रियांशी वेगळे बोलले. लुगडे कसे नेसावे, कपडा फाटका असला तरी तो स्वच्छ कसा असावा, मेलेल्या जनावराचे मांस घरात का येऊ देऊ नये, हे त्यांनी आपल्या आज्या-पणज्यांना समजावून सांगितले. आमच्या घरात ही गोष्ट पिढ्यान् पिढ्या सांगितली गेली. स्वच्छता आपण कुणाला दाखवण्यासाठी पाळत नाही, स्वतःच्या मानासाठी पाळतो, असे माझी आई म्हणत असे.

तरीही अनुभव यायचे ते आलेच. लग्नानंतर आम्ही एमआयडीसीच्या जवळ भाड्याची खोली शोधत होतो. एका ठिकाणी खोली पसंत पडली, भाडे ठरले. मग घरमालकीणबाईंनी आडनाव विचारले, आणि आडनाव ऐकल्यावर स्वयंपाकात काय काय असते ते विचारले. “तसं काही नाही हो, पण वास येतो, बाकीच्यांना त्रास होतो,” एवढे बोलून त्यांनी विषय संपवला. पुढे त्या खोलीत जे कुटुंब राहायला आले, त्यांच्याकडे दर रविवारी मासे असत. तेव्हा त्रास माशांचा नव्हता. आजकाल जात विचारण्याची हिंमत सगळ्यांना होत नाही, म्हणून नाक पुढे केले जाते. असो.

हे सगळे लिहिण्याचे निमित्त आमच्या घरातलेच आहे. माझी मुलगी दहावीला. वर्षभरापूर्वी तिने एक नवीनच सुरू केले. मैत्रिणी येणार असल्या की ती खिडक्या लावून घेई आणि फसफस करून स्प्रेचा डबा साऱ्या घरात मारी. एकदा तर तिने आजीला सांगितले, “आज्जी, आज सुकट करू नको ना, त्या येणार आहेत.”

सासूबाई काही बोलल्या नाहीत. सुकटीची पुडी त्यांनी डब्यात परत ठेवली. मला ते फार लागले. ज्या बाईने उन्हातान्हात उसाची खुरपणी करून मुले शिकवली, तिने स्वतःच्या घरात काय शिजवावे हे चार पोरी काय म्हणतील यावर ठरणार?

दुसरी अडचण सासूबाईंच्या छातीची. चाळीस वर्षे चुलीच्या धुरात काढलेल्या, त्यामुळे दम्याचा त्रास. स्प्रेचा फवारा मारला की त्यांना ठसका लागे, तो अर्धा-पाऊण तास थांबत नसे. उदबत्तीचेही तेच. संध्याकाळी वंदनेला आमच्याकडे मेणबत्ती आणि दोन उदबत्त्या लागत. डॉक्टरांनी सरळ सांगितले, “बंद खोलीत कोणताही धूर नको.” उदबत्तीच्या धुरात बारीक कण असतात, कार्बन मोनॉक्साइड असतो, बेंझीनसारखे घातक पदार्थही असतात. मच्छर कॉइलचे तर विचारूच नका. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले की एक कॉइल पूर्ण जळेपर्यंत जेवढे सूक्ष्म कण हवेत सोडते, ते ७५ ते १३७ सिगारेटींच्या कणांइतके असतात. आपल्या घरातून आपण ती लहान मुलाच्या उशाशी लावून झोपतो!

म्हणजे मुलीला घर सुगंधी हवे आणि आजीला धूर चालत नाही, फवाराही चालत नाही. उत्तर मिळाले ते ऑफिसात. मी ज्या कंपनीत कारकून आहे तिथल्या एका मॅडमच्या टेबलावर काचेच्या वाडग्यात वाळलेल्या पाकळ्या, लाकडाचे तुकडे, संत्र्याच्या वाळक्या चकत्या असे काहीतरी ठेवलेले असते. मला आधी वाटले, कुणी निर्माल्य विसरले. विचारल्यावर त्या म्हणाल्या, “ताई, हे पॉटपुरी. पुण्याहून आणलंय.” किंमत ऐकून मी पुन्हा नीट पाहिले. पुढे त्यांनीच सांगितले की परदेशात थंडीच्या दिवसांत लोक असलेच पदार्थ पाण्यात घालून चुलीवर मंद ठेवतात, त्याच्या वाफेने घर सुगंधी होते. धूर नाही.

या शब्दाचा अर्थ मी शोधून काढला. तो फ्रेंच आहे, आणि शब्दशः त्याचा अर्थ ‘सडलेले भांडे’! मुळात स्पेनमधल्या एका कालवणाचे हे नाव. हाताला येईल ते मांस, भाजी एका हंड्यात टाकून शिजवायचे. पुढे गुलाबाच्या अर्धवट सुकलेल्या पाकळ्या मिठात मुरवून ठेवायच्या बरणीलाही लोक तेच म्हणू लागले. गरिबाच्या हंड्याचे नाव श्रीमंताच्या दिवाणखान्यात कसे पोहोचले ते पाहा.

घरी येऊन मी सांगितले तेव्हा सासूबाई म्हणाल्या, “आगं, पाणी उकाळून कुठं घर वासाला येतं व्हय? आन् गॅस काय फुकट हाय?”

दोन्ही प्रश्न रास्त होते. पहिल्याचे उत्तर त्यांच्याच हातात होते. संत्र्याची साल दुमडून मेणबत्तीच्या ज्योतीजवळ दाबली की तडतड ठिणग्या उडतात, हा खेळ आपण सगळ्यांनी लहानपणी केला आहे. सालीवर जे बारीक ठिपके दिसतात त्या तेलाच्या पिशव्या असतात. त्या तेलात मुख्यतः लिमोनीन नावाचा पदार्थ असतो. लवंगेत युजेनॉल, दालचिनीत सिनॅमाल्डिहाइड, गवती चहात सिट्रल. ही तेले एकटी तापवली तर खूप तापावी लागतात. लिमोनीन १७६ अंशांना उकळते. पण पाण्याबरोबर असली की शंभर अंशांच्या आतच वाफेवर बसून ती बाहेर पडतात. उत्तर प्रदेशात कन्नौजला अत्तरवाले तांब्याच्या देगेत गुलाब आणि पाणी घालून, वाफ बांबूच्या नळीतून भपक्यात उतरवतात, ते याच तत्त्वावर. त्यांच्याकडे वाफ धरून ठेवतात, आपण ती घरात सोडून देतो, एवढाच फरक.

गॅसच्या प्रश्नाला मात्र कॉमर्सवाल्या बाईने हिशेबानेच उत्तर द्यायला हवे. मी कॅलेंडरवर लिहून ठेवले. सिलिंडर कोणत्या तारखेला लावला, कोणत्या तारखेला संपला. रोज संध्याकाळी चहा झाल्यावर लहान बर्नरवर, अगदी बारीक आचेवर दहा मिनिटे, मग गॅस बंद. भांडे तसेच गरम राहते आणि वाफ येत राहते. १४.२ किलोचा सिलिंडर आमच्याकडे पूर्वी जितके दिवस जाई, तितकेच दिवस गेला. तासभर ठेवले असते तर नक्कीच आधी संपला असता. ज्यांच्याकडे अंघोळीच्या पाण्याला बंब आहे किंवा बाहेर चूल पेटते, त्यांना तेवढाही खर्च नाही. भाकरी झाल्यावर जे निखारे उरतात त्यांवर भांडे ठेवायचे. निखारे बाहेरच राहू द्यावेत, भांडे तेवढे आत आणावे. बंद खोलीत शेगडी आणून ठेवणे जिवाशी खेळ आहे.

आता आमचे प्रमाण सांगते. जुने स्टीलचे पातेले घ्यावे, ॲल्युमिनियमचे नको, कारण लिंबाच्या आंबटाची त्यावर क्रिया होते. तीन पेले पाणी. दोन संत्र्यांच्या साली किंवा चार-पाच पिळलेल्या लिंबांच्या फोडी. चार लवंगा. गवती चहाची दोन पाती, गाठ मारून. सोललेल्या आल्याची साल आणि वेलदोड्याची टरफले चहाच्या वेळची बाजूला काढलेली असतातच, तीही टाकावीत. पाण्याला एक उकळी आली की आच बारीक करायची. खळखळ उकळले तर पाच मिनिटांत सारा वास एकदम निघून जातो आणि मागे शिजवलेल्या सालीचा कडवट दर्प राहतो. बुडबुडे नुसते काठाला दिसावेत.

विकत आणण्यासारखे यात लवंगाच काय त्या. बाकी सगळे उकिरड्यावर जाणारे. हिवाळ्यात नागपुरी संत्री मंडईत स्वस्त होतात, तेव्हा साली पातळ तुकडे करून उन्हात कडकडीत वाळवल्या की डब्यात वर्षभर टिकतात. नीट वाळल्या नाहीत तर बुरशी धरते, तशा साली फेकूनच द्याव्यात. उन्हाळ्यात आमच्या कंपनीच्या कँटीनमध्ये कामगारांना लिंबू सरबत देतात, तिथल्या मावशी पिळलेली लिंबे माझ्यासाठी पिशवीत ठेवतात. पहिल्या दिवशी त्यांनी माझ्याकडे असे पाहिले की मला पगार झाला नाही की काय!

दालचिनी मात्र आम्ही सोडली. सगळे तिची फार वाखाणणी करतात आणि वास सुरेख आहे यात शंका नाही. पण सासूबाईंच्या घशाला ती खवखवली. ज्यांच्या घरी दम्याचे माणूस आहे त्यांनी हे ध्यानात ठेवावे. नैसर्गिक म्हणजे सगळ्यांना मानवेल असे नाही. पहिल्या दिवशी एकच पदार्थ, खिडकी उघडी आणि माणूस जवळ नको. त्रास वाटला तर तिथेच थांबावे. कापूर आणि डांबराच्या गोळ्या तर या भांड्यात कधीही टाकू नयेत. त्यांची वाफ विषारी आहे, लहान मुलांना विशेषतः, आणि कापूर भडकन पेटतो. भांड्यातले पाणी पिण्यासाठी नाही, हेही मुलांना बजावून ठेवावे.

विहारातल्या आणि घरच्या वंदनेच्या फुलांचाही मी प्रयोग केला. गावठी गुलाबाच्या पाकळ्या छान, मंद वास येतो. मोगऱ्याने निराशा केली. सुकला की त्याचा वास जातो आणि उकळला की शिजलेल्या पाल्यासारखा लागतो. झेंडूला औषधी वास येतो, तो कुणाला आवडतो, कुणाला नाही. सासूबाईंना आवडला. आता आमच्याकडे वंदनेच्या वेळी उदबत्तीऐवजी हे पातेले पुसून, पाटावर ठेवून, आत आणतात. एका नातेवाईकांनी हे पाहून नापसंती दाखवली. “हे काय नवीन?” म्हणाले. सासूबाईंनी त्यांना एवढेच विचारले, “भगवंतानं मला खोकायला सांगितलंय का?”

आता एक गोष्ट स्पष्ट सांगते, कारण महिला मंडळात यावरून बरीच चर्चा झाली. या भांड्याने वास झाकला जातो, घाण जात नाही. माशांचा वास भांड्याला, ओट्याला धरला असेल तर लिंबाची फोड थेट त्यावर घासावी. समुद्राच्या मासळीच्या वासात अमाइन नावाचे पदार्थ असतात, आंबटाने ते बांधले जातात. सुकटीच्या डब्याला आणि तव्यालाही हाच उपाय. नुसत्या लिंबाच्या वाफेने तेवढे काम होत नाही. ओल आलेल्या खोलीत तर वाफ आणखी कोंडू नये, बुरशी वाढते. पावसाळ्यात आम्ही दार-खिडकी उघडूनच ठेवतो.

आणि गॅसचा वास आला तर हे सगळे विसरून आधी रेग्युलेटर बंद करावा आणि खिडक्या उघडाव्यात, बटणाला हात लावू नये. एलपीजीला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. गळती कळावी म्हणून त्यात इथाइल मरकॅप्टन नावाचा कुजकट वासाचा पदार्थ मुद्दाम मिसळतात. तो वास सुगंधाखाली दाबून टाकायचा नसतो. त्याचसाठी पातेले गॅसवर ठेवून शेजारी गप्पा मारायला जाऊ नये. पाणी आटले की साली करपतात, आणि पुढे काय होईल सांगता येत नाही.

मंडळात एका भगिनीने विचारले, “ताई, आमच्या दारासमोरच्या उघड्या गटाराला हे चालेल का?” सगळ्या हसल्या. तिचे मात्र खरे होते. आठ वर्षे ते गटार तसेच वाहत होते. त्या दिवशी आम्ही पातेल्याचा विषय बाजूला ठेवला आणि अर्ज लिहायला बसलो. अठ्ठावीस बायांच्या सह्या, तीन अंगठे. संबंधित कार्यालयात पाच खेपा घातल्या. पाचव्या खेपेला आम्ही पंधराजणी गेलो आणि बाकावर बसून राहिलो. अर्ध्या गटारावर फरशा आल्या आहेत. उरलेल्या अर्ध्यासाठी आता दुसरा अर्ज दिला आहे, त्याची पोच माझ्याजवळ आहे.

राहता राहिला मुलीचा प्रश्न. माझी भीती ही होती की हे पातेलेसुद्धा तिच्या स्प्रेच्या डब्यासारखेच होईल, म्हणजे आपण कोण आहोत आणि काय खातो हे लपवण्याचे साधन. म्हणून मी तिच्याशी बसून बोलले. खोलीची गोष्ट तिला तोवर माहीत नव्हती, तीही सांगितली. महाडच्या घागरींचा धडा तिने वाचला होता, पण त्या घागरींचा आणि आपल्या स्वयंपाकघराचा संबंध तिला लागला नव्हता. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “पण मम्मी, मला खरंच चांगला वास आवडतो. त्यांच्यासाठी नाही.” तेही खरेच असेल. चांगल्या वासाची आवड असायला कुणाची परवानगी लागत नाही, तशी ती आपल्या पोरींनाही लागू नये.

शेवटी आजी-नातीनेच आपसात ठरवले. सुकट ज्या दिवशी व्हायची त्या दिवशी होईल, मैत्रिणी येवोत न येवोत. सुकट परतताना खिडकी सताड उघडी राहील आणि त्यानंतर नात पातेले ठेवील, दहा मिनिटे घड्याळ लावून. मैत्रिणींपैकी एक सुकट-भाकरी मागून खाऊन गेली. दुसरी “मला नको” म्हणाली आणि पुन्हा आली नाही. तिच्याबद्दल माझी मुलगी अजून अधूनमधून बोलते. मी मध्ये पडत नाही.

सालींच्या डब्याची किल्ली, म्हणजे ताबा, आता सासूबाईंकडे आहे. परवा त्यांनी डबा उघडून आत हात घातला, मूठभर साली वर-खाली केल्या आणि मला म्हणाल्या, “पुनवेपत्तोर पुरत्याल. पर रविवारी चिलापी आणायची आसंल, तर कँटीनातनं अजून चार लिंबं घिऊन ये.”